ऑर्ग अजेंडा मागे वळवा: झालेल्या कामांच्या आठवडी आढाव्यासाठी ईमॅक्सची मांडणी

ऑर्ग-मोड म्हणजे ईमॅक्स या मजकूर-संपादकात कामं आणि टिपणं ठेवायची सोय. तिचा अजेंडा, म्हणजे तारखेनुसार कामं दाखवणारं दृश्य, बहुतेक जण पुढचं पाहायला वापरतात. तोच अजेंडा मागचा आठवडा दाखवू शकतो: कोणतं काम कधी संपलं, कशावर किती वेळ गेला, काय राहून गेलं. पण हे करताना पुष्कळ जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुठून तरी तयार कस्टम कमांड (अजेंड्याचं स्वतः ठरवलेलं दृश्य) उचलायची, इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) चिकटवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी ती चालवायची. समोर येतो रिकामा आठवडा. मग कमांडमधले कंस तपासण्यात तासभर जातो.

कमांड बहुतेक वेळा बरोबरच असते. काम संपलं त्या क्षणी फाइलमध्ये वेळच नोंदली गेलेली नसते. अजेंडा तारखेवर चालतो. ज्या कामाखाली तारीख नाही ते काम त्याच्या लेखी झालेलंच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद, मग तिची तपासणी, मग हाताने दृश्य, मग कमांड आणि सगळ्यात शेवटी आर्काइव्ह (संपलेली कामं वेगळ्या फाइलमध्ये हलवणं). क्रम बदलू नका.

या लेखात चलांची (म्हणजे ईमॅक्सच्या एकेका सेटिंगची) आणि कमांडची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ईमॅक्समध्ये ती रोमन लिपीतच, मधल्या जोडरेषांसह टाइप करायची. पहिली काही अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव पूर्ण होतं. ‘मोठा एल’ असं म्हटलं असेल तिथे शिफ्टसह दाबायचं.

## तयारी: तीन गोष्टी आधी

फायलींची यादी. ‘ऑर्ग-अजेंडा-फाइल्स’ या चलात ज्या फायली आहेत तेवढ्याच अजेंडा वाचतो. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि यादीत फोल्डरचंच नाव द्या, म्हणजे नवी फाइल आपोआप धरली जाते. उपफोल्डरमधल्या फायली मात्र धरल्या जात नाहीत. ते फोल्डर वेगळे लिहावे लागतात.

> सावधान: फोल्डर दिल्यावर कंट्रोल-सी आणि चौकटी कंस हा शॉर्टकट वापरू नका. तो चालू फाइल यादीत घालतो खरी, पण तसं करताना फोल्डरच्या जागी त्यातल्या एकेका फाइलचं नाव लिहून टाकतो. पुढे तयार केलेली फाइल मग यादीबाहेर राहते, आणि हे महिनाभर लक्षातही येत नाही.

सेटिंगची एकच जागा. ऑल्ट-एक्स दाबून ‘कस्टमाइझ-व्हेरिएबल’ चालवा, किंवा इनिट फाइलमध्ये हाताने लिहा. दोन्ही ठिकाणी एकच चल ठरवलं तर जे नंतर वाचलं जातं ते टिकतं, आणि चूक सापडता सापडत नाही. सुरुवात करणाऱ्याने कस्टमाइझचा मार्ग धरावा असं मी सांगेन: तिथे कंस जुळवावे लागत नाहीत. आधी एकदा अजेंडा उघडून बंद करा, नाहीतर त्याची चलं टॅबला सापडणार नाहीत. बदल झाल्यावर ‘अप्लाय अँड सेव्ह’ दाबायला विसरू नका. नुसतं ‘अप्लाय’ ईमॅक्स बंद होईपर्यंतच टिकतं.

कीबोर्ड. कामांची नावं मराठीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवून अजेंड्यात ‘एल’ दाबलं तर ईमॅक्सला देवनागरी अक्षर मिळतं आणि ‘अनडिफाइन्ड’ असा संदेश येतो. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि मराठीसाठी ईमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत वापरा. ‘सेट-इनपुट-मेथड’ चालवून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ किंवा ‘देवनागरी-आयट्रान्स’ निवडा. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून ती चालू-बंद होते. ही पद्धत प्रत्येक बफरपुरती (उघडलेल्या एकेका फाइलपुरती किंवा दृश्यापुरती) असते, त्यामुळे फाइलमध्ये मराठी चालू असतानाही अजेंड्याच्या कळा नीट चालतात.

## पायरी 1: काम संपल्याची वेळ नोंदवायला लावा

‘ऑर्ग-लॉग-डन’ हे चल मुळात बंद असतं. म्हणजे नव्याने बसवलेल्या ऑर्गमध्ये काम ‘डन’ (संपलेलं) केलं तरी कधी केलं याची खूण राहत नाही. रिकाम्या आढाव्याचं हे पहिलं कारण. कस्टमाइझमध्ये जाऊन फक्त क्लोज्ड वेळ नोंदवणारा पर्याय निवडा. वेळेसोबत टिपणही मागणारा पर्याय आहे, पण तो सुरुवातीला नको. प्रत्येक बारीक कामाला टिपणाची खिडकी उघडली की माणूस चार दिवसांत वैतागून सगळंच बंद करतो.

दुसरं चल ‘ऑर्ग-लॉग-इंटू-ड्रॉवर’. ते चालू केलं की स्थिती बदलल्याच्या नोंदी लॉगबुक नावाच्या ड्रॉवरमध्ये (कामाखालच्या मिटवता येणाऱ्या कप्प्यात) जातात आणि कामाखालचा मजकूर मोकळा राहतो.

एवढं झालं की संपलेलं काम फाइलमध्ये साधारण असं दिसतं (प्रत्यक्षात खुणेचे शब्द रोमन असतील):

```
* डन सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त पाठवणे
   क्लोज्ड: [2025-03-21 शुक्र 18:20]
   :लॉगबुक:
   क्लॉक: [2025-03-21 शुक्र 17:35]--[2025-03-21 शुक्र 18:20] => 0:45
   :एंड:
```

यातल्या दोन ओळी आढाव्याच्या कामाच्या. क्लोज्ड ओळ सांगते की काम संपलं. क्लॉक ओळ सांगते की त्यावर 45 मिनिटं गेली. पहिली ‘ऑर्ग-लॉग-डन’मुळे आपोआप येते, दुसरी येण्यासाठी काम सुरू करताना कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-आय आणि थांबताना कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-ओ दाबावं लागतं. क्लॉक लावायची सवय नसेल तर सध्या सोडून द्या. नुसत्या क्लोज्ड ओळींवरही चांगला आढावा होतो.

> सावधान: ‘टूडू’ शब्द खोडून तिथे हाताने ‘डन’ टाइप केलं तर क्लोज्ड ओळ येत नाही. स्थिती नेहमी कंट्रोल-सी कंट्रोल-टी ने, किंवा अजेंड्यात ‘टी’ दाबून बदला.

कालचं काम आज ‘डन’ करायचं राहिलं असेल तर ‘ऑर्ग-टूडू-यस्टरडे’ वापरा. ते कालची 23:59 ही वेळ लावतं, त्यामुळे काम बरोबर दिवसाखाली पडतं.

तपासणी. एक खोटं काम तयार करा, ‘डन’ करा, खाली क्लोज्ड ओळ आली का पाहा. हीच तपासणी अजेंड्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलमध्ये करा. एखाद्या जुन्या फाइलच्या डोक्यावर स्टार्टअपच्या ओळीत ‘नोलॉगडन’ लिहिलेलं असतं, आणि ते सर्वसाधारण सेटिंगवर मात करतं.

## पायरी 2: पुन्हा पुन्हा येणारी कामं धरा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

‘दर शनिवारी बॅकअप घेणे’ असं काम तारखेपुढे पुनरावृत्तीची खूण लावून लिहिलेलं असतं. ते ‘डन’ केलं की ऑर्ग तारीख पुढच्या शनिवारवर ढकलतं आणि काम लगेच परत ‘टूडू’ होतं. काम मिटलेलंच नसल्यामुळे क्लोज्ड ओळ राहत नाही. त्याऐवजी लॉगबुकमध्ये अशी ओळ पडते:

```
- स्टेट "डन" फ्रॉम "टूडू" [2025-03-22 शनि 21:10]
```

अजेंड्याची लॉग पद्धत (झालेल्या गोष्टी दाखवणारी) मुळात दोनच प्रकार दाखवते: क्लोज्ड आणि क्लॉक. स्टेटच्या ओळी ती सोडून देते. परिणाम असा की बॅकअप, हप्ते, व्यायाम, आठवड्याची बिलं, म्हणजे जी कामं तुम्ही सगळ्यात नेमाने केली तीच आढाव्यातून गायब असतात. उपाय म्हणजे ‘ऑर्ग-अजेंडा-लॉग-मोड-आयटम्स’ या चलात क्लोज्ड आणि क्लॉकसोबत स्टेट हा तिसरा प्रकारही घाला. पायरी 4 मध्ये आपण हे फक्त आढाव्याच्या कमांडपुरतं करणार आहोत. इथे कारण समजून घ्या.

> सावधान: काही जण ‘डन’ या स्थितीच्या व्याख्येत उद्गारचिन्ह लावून तिची वेगळी नोंद मागतात. ते आणि ‘ऑर्ग-लॉग-डन’ दोन्ही चालू असेल तर साध्या कामाला क्लोज्डही मिळतं आणि स्टेटची ओळही. स्टेट प्रकार चालू करताच असं प्रत्येक काम आढाव्यात दोनदा दिसतं. ‘डन’पुढचं उद्गारचिन्ह काढून टाका. थांबलेल्या किंवा इतरांवर अडलेल्या कामांच्या स्थितीला ते असू द्या. तिथे ते उपयोगी आहे.

रद्द केलेली कामंही क्लोज्ड ओळ मिळवतात, कारण स्थितींच्या यादीत उभ्या रेघेनंतरचं सगळं ‘संपलेलं’ मानलं जातं. ती लपवू नका. काय सोडून दिलं हे कळणं आढाव्याचाच भाग आहे, आणि अजेंड्यात ती आपल्या स्थितीच्या नावाने वेगळी ओळखू येतात.

## पायरी 3: कमांड लिहिण्याआधी हाताने पाहा

ऑल्ट-एक्स ‘ऑर्ग-अजेंडा’ चालवा आणि ‘ए’ दाबा. चालू आठवडा उघडेल. ‘बी’ दाबून एक आठवडा मागे जा. आता ‘एल’ दाबा: लॉग पद्धत चालू होते आणि संपलेली कामं व क्लॉकच्या नोंदी त्या त्या दिवसाखाली दिसू लागतात. त्यानंतर ‘व्ही’ आणि मोठा ‘एल’ दाबा, म्हणजे स्थिती बदलल्याच्या नोंदीही येतात. बॅकअपचं काम आता दिसायला हवं.

आजवर परतायला टिंब दाबा. विशिष्ट तारखेवर जायला ‘जे’.

सभेची टिपणं, फोनवरचं बोलणं अशा गोष्टी तुम्ही चौकटी कंसातल्या तारखेसह लिहीत असाल, तर त्या लॉग पद्धतीत येत नाहीत, कारण त्या ‘काम’ नाहीत. त्यांच्यासाठी अजेंड्यात डावा चौकटी कंस दाबा. तो निष्क्रिय तारखाही दृश्यात आणतो.

तपासणी. पायरी 1 मधलं खोटं काम योग्य दिवशी दिसतंय का? दिसत नसेल तर इथेच थांबा. फाइल यादीत नाही, क्लोज्ड ओळ नाही, किंवा काम आधीच आर्काइव्हमध्ये गेलं आहे: तिन्हींपैकी एक असेल. कस्टम कमांड यातलं काहीही दुरुस्त करू शकत नाही.

## पायरी 4: आढाव्याची कमांड बांधा

अजेंड्याचा मेनू उघडून मोठा ‘सी’ दाबा. त्यामुळे ‘ऑर्ग-अजेंडा-कस्टम-कमांड्स’चं कस्टमाइझ पान उघडतं. नवी नोंद घाला आणि तिचा प्रकार कमांड सिरीज निवडा, कारण आपल्याला एकाखाली एक दोन भाग हवे आहेत. कळ म्हणून ‘आर’ द्या. मेनूत ती मोकळी असते. आधीच वापरात असलेली कळ दिलीत तर मूळची कमांड झाकली जाते.

### भाग पहिला: काय झालं

प्रकार अजेंडा. त्याच्या स्थानिक सेटिंग्जमध्ये ही पाच चलं घाला:

1. ‘ऑर्ग-अजेंडा-स्टार्ट-डे’: उणे सात दिवस, म्हणजे उणे चिन्ह, 7 आणि रोमन डी, दुहेरी अवतरणात.
2. ‘ऑर्ग-अजेंडा-स्पॅन’: 7.
3. ‘ऑर्ग-अजेंडा-स्टार्ट-ऑन-वीकडे’: निल.
4. ‘ऑर्ग-अजेंडा-स्टार्ट-विथ-लॉग-मोड’: ओन्ली.
5. ‘ऑर्ग-अजेंडा-लॉग-मोड-आयटम्स’: क्लोज्ड, क्लॉक, स्टेट यांची यादी.

तिसरं चल कधीही गाळू नका. ते मुळात 1 असतं, म्हणजे सोमवार. दृश्य 7 किंवा 14 दिवसांचं असेल तेव्हा ऑर्ग सुरुवात ओढून त्या वाराला नेतं. तुम्ही उणे सात सांगितलंत आणि तो बुधवार असला, तरी दृश्य त्याआधीच्या सोमवारपासून सुरू होतं आणि शेवटचे दोन दिवस कापले जातात. निल केल्यावरच तुमची तारीख पाळली जाते.

उणे सात आणि 7 दिवस म्हणजे दृश्य कालपर्यंत. शनिवारी सकाळी आढावा घेणाऱ्यांना हे बरोबर. शुक्रवारी संध्याकाळी घेत असाल तर उणे सहा करा, म्हणजे आजचा दिवस आत येईल.

चौथ्या चलातल्या ओन्लीमुळे फक्त झालेल्या गोष्टी दिसतात. ठरलेल्या भेटी आणि मुदती बाजूला राहतात.

> सावधान: स्थानिक सेटिंग्जमधली मूल्यं ईमॅक्स आधी चालवून पाहतं. त्यामुळे ओन्लीसारख्या नुसत्या शब्दाआधी आणि कंसातल्या यादीआधी एकेरी अवतरणचिन्ह लावावं लागतं. आकड्यांना आणि निलला ते लागत नाही. हे चिन्ह विसरलं की चल किंवा फंक्शन सापडत नसल्याची तक्रार येते.

हाताने लिहिणाऱ्यांची वेगळी चूक असते. एकेरी कमांडमध्ये कळ, वर्णन, प्रकार, शोध, सेटिंग्ज असा क्रम आहे. अजेंडा प्रकाराला शोधायचं काही नसतं, म्हणून ती जागा गाळली जाते आणि सेटिंग्ज शोधाच्या जागी सरकतात. तिथे रिकामी दुहेरी अवतरणं द्यावीच लागतात. सिरीजमध्येही प्रत्येक भागाला प्रकार, शोध, सेटिंग्ज हाच क्रम लागू.

आणि ही पाचही चलं सर्वसाधारण सेटिंगमध्ये घालू नका. घातलीत तर रोजचा अजेंडाही मागचा आठवडा दाखवू लागेल आणि आजची मुदत नजरेआड होईल. त्यांची जागा फक्त या कमांडच्या आत.

### भाग दुसरा: काय राहिलं

प्रकार टॅग्ज-टूडू निवडा, म्हणजे फक्त न संपलेली कामं येतील. शोधाच्या जागी अट लिहा: शेड्यूल्डची तारीख आजपेक्षा लहान, किंवा डेडलाइनची तारीख आजपेक्षा लहान. आजसाठी रोमन लिपीत ‘टुडे’ हा शब्द टोकदार कंसात आणि त्याबाहेर दुहेरी अवतरणात लिहायचा. दोन अटींमध्ये उभी रेघ. शेड्यूल्ड आणि डेडलाइन ही नावं मोठ्या लिपीत हवीत.

हा भाग पुष्कळ जण गाळतात. नुसती झालेल्या कामांची यादी पाहून बरं वाटतं, पण तीन आठवडे पुढे ढकललेलं काम तिथे कधीच दिसत नाही.

तपासणी. सेव्ह करा, ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडा, कमांड चालवा. पहिल्या भागात सात दिवस, बॅकअपची नोंद आणि खोटं काम दिसायला हवं (ते आजच ‘डन’ केलं असेल तर उणे सहा ठेवल्यावरच दिसेल). मग रोजचा अजेंडा उघडा आणि तो चालू आठवड्यावरच आहे ना हे पाहा.

## पायरी 5: वेळेचा हिशोब

क्लॉक लावत नसाल तर ही पायरी सोडा.

अजेंड्यात मोठा ‘आर’ दाबला की समोरच्या दिवसांचा क्लॉक-तक्ता खाली येतो. पण आकड्यांवर विसंबण्याआधी ‘व्ही’ आणि ‘सी’ दाबा. ऑर्ग क्लॉकमधल्या विसंगती दाखवतं: एकमेकांवर चढलेल्या नोंदी, मधली मोकळी जागा, आणि 10 तासांपेक्षा लांब नोंद. शेवटची बहुधा रात्री क्लॉक बंद करायची राहिल्यामुळे आलेली असते. त्या ओळीवर जाऊन वेळ सुधारा आणि कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबा, म्हणजे बेरीज नव्याने होते. ‘ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम’मध्ये 15 मिनिटं ठेवलीत तर उठून गेल्यावर परत आल्या आल्या ऑर्ग स्वतःच विचारतं.

कायम ठेवायचा तक्ता हवा असेल तर आढाव्याच्या फाइलमध्ये ‘ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट’ने तो घाला. त्याचा स्कोप (कुठले तास मोजायचे ती मर्यादा) मुळात चालू फाइलपुरता किंवा तिच्यातल्या एका शाखेपुरता असतो; तो अजेंडा असा बदला, नाहीतर इतर फायलींमधले तास मोजलेच जात नाहीत. ब्लॉकच्या जागी लास्टवीक लिहिलं की सोमवार ते रविवार असा मागचा आठवडा येतो. इथे सोमवारच पाळला जातो, त्यामुळे शनिवारी सकाळी या तक्त्याचे आकडे पायरी 4 च्या दृश्याशी जुळणार नाहीत. कामांची नावं देवनागरीत असतील तर तक्त्याचे स्तंभ वेडेवाकडे दिसतात. ते फक्त दिसण्यापुरतं, बेरीज बरोबर असते.

## पायरी 6: प्रत्यक्ष आढावा, आणि मगच आर्काइव्ह

कमांड चालवा. मोठा ‘एफ’ दाबून फॉलो पद्धत चालू करा, म्हणजे ज्या ओळीवर कर्सर असेल ते काम शेजारच्या खिडकीत उघडतं. वरून खाली एकेक ओळ वाचा. काही लिहिण्यासारखं असेल तर ‘झेड’ दाबून तिथूनच टिपण घाला. ते तारखेसह कामाखाली जातं.

दुसऱ्या भागातल्या प्रत्येक कामाचा निकाल लावा: नवी तारीख, रद्द, किंवा दुसऱ्याकडे. एकाच दिवसावर टाकायची कामं ‘एम’ने खुणावा, मग मोठा ‘बी’ आणि ‘एस’ दाबून सगळ्यांना एकदम तारीख द्या. सरसकट सगळं पुढच्या सोमवारवर ढकलू नका. तो सोमवार उजाडेपर्यंतच निभावतो.

दृश्य जपून ठेवायचं असेल तर आता कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू दाबा. फाइलच्या नावाच्या शेपटीवरून ऑर्ग साधा मजकूर की वेबपान ते ठरवतं.

आर्काइव्ह यानंतर. कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस ने काम दुसऱ्या फाइलमध्ये जातं आणि अजेंडा ती फाइल वाचत नाही. टापटिपीची हौस असणारे काम संपलं की लगेच आर्काइव्ह करतात, आणि त्यांचाच आठवडा सगळ्यात रिकामा दिसतो. तसं आधीच झालं असेल तर आढाव्याच्या दृश्यात ‘व्ही’ आणि मोठा ‘ए’ दाबा. आर्काइव्ह फायलीही त्या दृश्यापुरत्या धरल्या जातात. तक्त्यासाठी स्कोपमध्ये अजेंडा-विथ-आर्काइव्ह्ज लिहा. संपलेली कामं निदान महिनाभर मूळ फाइलमध्येच राहू द्या, म्हणजे महिन्याचा आढावाही याच कमांडने होईल: दृश्य उघडून ‘व्ही’ आणि ‘एम’ दाबा, महिना समोर येतो.